वाटीतले मणी

येलहंक्याच्या वसुमतीअक्का अकरा वर्षं ठार बहिऱ्या होत्या. कानामागे ऑपरेशन करून यंत्र बसवलं होतं. टाके सुकले होते. आज ते सुरू व्हायचं होतं.

दवाखान्यातल्या श्रीविद्याने पुढ्यात रिकामी वाटी आणि मूठभर मणी ठेवले. अक्कांनी तिचे ओठ वाचले. “आवाज आला की एक मणी टाका, अक्का.”

लांब कुठेतरी पाऊल वाजलं. हाच तो आवाज, असं समजून अक्कांनी मणी टाकला. दुसरं पाऊल जरा जवळ वाजलं, तिसरं आणखी जवळ. त्यांचे डोळे भरून आले.

श्रीविद्याचे ओठ पुन्हा हलले. “थांबा, मी यंत्र अजून चालूच केलं नाही.”

तेवढ्यात अक्कांच्या खुर्चीमागे पाऊल वाजलं.

श्रीविद्याने मान वर न करता स्वतःच एक मणी वाटीत टाकला.