पकड

उंच इमारतींच्या काचा पुसणारे ते दोघे जिवाभावाचे मित्र होते. एक चर्च न चुकवणारा, म्हणून सगळे त्याला फादर म्हणायचे. दुसरा पक्का नास्तिक. गच्चीवर चहा पिताना देव आहे की नाही, हाच त्यांचा वाद रोज चालायचा. कामाचा नियम मात्र दोघांना सारखा होता: उतरणाऱ्याने खांबाला दोराची गाठ मारायची, जोडीदाराने ती ओढून पाहायची, मगच कठडा ओलांडायचा. गेल्या वर्षी फादरची गाठ सुटली, तेव्हा नास्तिकाने पळता दोर उघड्या हातांनी धरला होता. त्याचे तळवे सोलवटून निघाले. फादरने दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. "माझ्याही नावाची एक लावायचीस की रे," आज नास्तिक हसत म्हणाला. "तुझ्या नावाची कशाला? हात तुझे होते बाबा, पकड त्याची होती." "म्हणजे मी नसतो तरी तू वाचला असतास?" "अर्थात! त्याने दुसऱ्या कुणाला धाडलं असतं. हात सोलले, तरी तुझा पीळ काही जात नाही बघ!" नास्तिकही हसला. मग तो खांबापाशी वाकला. गाठ ढिली होती. "बघितलीस का रे?" फादरने कठड्यावरून विचारलं. "बघितली. उतर." फादरने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो पलीकडे उतरला. "बघ, आजही धरलंय त्यानं!" खालून त्याचा आनंदी आवाज आला. गाठ बोटभर सरकली. नास्तिकाने दोन्ही हात खिशात घातले.