व्याह्यांचा आग्रह

लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, पण तिचे सासरे बळवंतराव यांनी गणपतरावांना कधी धड 'बसा' म्हटलं नव्हतं. रिटायर झाल्यापासून तर बळवंतराव प्लायवूड आणि फेव्हिकॉल घेऊन घरच्या घरी फर्निचर करण्यातच गुंग असायचे. आज चार शब्द सुनावायचे आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, असं ठरवूनच गणपतराव कोल्हापुरात उतरले.

पण आज बळवंतरावांनी दारातच त्यांचा हात धरला आणि हॉलमधल्या नव्याकोऱ्या बाकड्यावर अगदी मधोमध बसवलं. "या पावणं! आज तुमास्नी उठूच देणार न्हाय."

चहा झाला, पोहे झाले. लेक निशिगंधा म्हणाली, "पप्पा, पानं वाढलीत, आत चला."

"आत कशाला? ताट हितंच आण की!" बळवंतराव ओरडले.

तांबडा रस्सा बाकड्यावरच आला. दुपारची डुलकीही गणपतरावांनी तिथंच बसल्या बसल्या काढली. मनातला राग केव्हाच विरघळला होता. संध्याकाळी निघायला उठले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "बळवंतराव, एवढा मान मला सख्ख्या भावानंबी कधी दिला न्हाय."

बळवंतराव तोवर गुडघ्यांवर बसून बाकड्याच्या सांध्यावरून बोट फिरवत होते.

 

"झकास चिकटलंय! उद्या दिवाण चिकटवायचाय, पावणं. येताना विहीणबाईस्नीबी आणा."