नीलकेतूचं वय

मुकुट काही केल्या डोक्यावर बसेना. आईने तो जरा फाकवला, पुन्हा दाबला, तसा चौदा वर्षांचा मुलगा कान धरून कळवळला.

सभागृहामागच्या खोलीत दोघंच होती. बाहेर पोरांचा नुसता कल्ला चालला होता. आईच्या नव्या पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि दर वेळेप्रमाणे पुस्तकातला राजपुत्र नीलकेतू स्वतः स्टेजवर येऊन पहिलं पान वाचणार होता. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मुलगा आठ वर्षांचा होता, तेव्हा त्याला हा थाट शोभलाही होता. आता अंगरख्याच्या बाह्या कोपरापाशी संपत होत्या आणि आवाज घोगरा झाला होता. फुटलेलं मिसरूड आईने सकाळी काढायला लावलं होतं. लेखिका असली म्हणून माणसाने इतके डोळे मिटून घ्यावेत?

मुलाचं म्हणणं साधं होतं. शाळेत त्याला कुणी त्याच्या नावाने हाक मारत नाही, नीलकेतू म्हणतात आणि खिदळतात. तेव्हा एक तर पुस्तकातल्याला मोठं कर, नाहीतर एखाद्या राक्षसाच्या हातून मारून तरी टाक.

आईने कपाळाला हात लावला. हे सगळं बोलून झालं होतं. तिसऱ्या भागात नीलकेतू पाताळात उतरला, नागांना चकवून त्याने अमृताचा कुंभ पळवला आणि वाटेत तहान लागली म्हणून घटाघटा पिऊन टाकला. वाचक बेहद्द खूश झाले होते. तेव्हापासून तो मरतही नव्हता आणि वाढतही नव्हता.

"अमृत कुणी पाजलं त्याला?" मुलाने विचारलं.

"मीच. मला काय माहीत, एवढे भाग निघतील म्हणून."

"मग उःशाप दे. तुझ्या पुस्तकात प्रत्येक शापाला असतो ना?"

"अमृत म्हणजे शाप नव्हे रे."

"त्याला नसेल. मला आहे."

आई चिडली. तो मोठा झाला तर पोरं वाचतील का, आणि मग मी लिहायचं काय, असं ती तावातावाने बोलत राहिली. आजचा दिवस निभावून ने, हे शेवटचं, म्हणाली. दर वेळी ते शेवटचंच असायचं. तेवढ्यात प्रकाशकांनी दारातून डोकं आत घातलं आणि राजे तयार आहेत ना, असं विचारून ते गेले.

मुलाने मुकुट काढून खुर्चीवर ठेवला. आपटला असता, तर आईला ओरडायला निमित्त तरी मिळालं असतं. मग त्याने अंगरखा उतरवला, आपला शर्ट चढवला आणि घरी जातो म्हणाला. खोलीचं दार सभागृहातच उघडत होतं. तो भिंतीच्या कडेकडेने निघाला. एकाही पोराने त्याला ओळखलं नाही.

आई दारात आली. पाठमोरा तो तिला एकदम उंच दिसला. तिचा राग कुठल्या कुठे गेला. काही घालू नकोस, काही वाचू नकोस, नुसता माझ्या शेजारी बस, एवढंच तिला त्याला सांगायचं होतं. होता नव्हता तेवढा आवाज काढून तिने हाक मारली.

"नीलकेतू, थांब."

सभागृहातली सगळी पोरं माना वळवून बघू लागली. मुलगा तेवढा वळला नाही.