घोड्याच्या बदल्यात

सुराबायाहून आलेल्या पाहुण्याने घोडा अंगणातल्या जुन्या थडग्याच्या दगडाला बांधला, तेव्हा ओसरीवरच्या बायका तोंडावर हात धरून हसू लागल्या.

रांबू टोकुंग हसली नाही. तिने कमरेभोवतीचा मागाचा पट्टा सोडला, उठली आणि घोड्याकडे नीट पाहिलं. भरल्या छातीचा, तांबूस, उमदा घोडा होता. पराई वाटू गावात असा घोडा आणतात ते मुलाकडचे, मुलीला मागणी घालायला; सोयरीक पटली की मुलीकडचे बदल्यात हाताने विणलेलं कापड देतात. सोयरा नसलेलं एरवी कुणी आणत नाही.

पाहुण्याला, लुकितो साहेबांना, मुलगी नको होती. त्यांना समुद्राकडचा उतार हवा होता, परदेशी लोकांसाठी बंगले बांधायला. रिकाम्या हाताने जाऊ नका, घोडा न्या, असं त्यांना रेमीने सांगितलं होतं. रेमी रांबूच्या धाकट्या दिराचा मुलगा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. तो बालीत हॉटेलात कामाला राहिला, आणि आता या बंगल्यांचा मॅनेजर होणार होता. गावाचा मान राखायचा म्हणजे घोडा, एवढं त्याच्या लक्षात राहिलं होतं. कसला मान, ते मात्र तो विसरला होता.

बोलणी सुरू झाली. सुपारी, चुना आणि विड्याच्या पानाऐवजी चघळायच्या पानवेलीच्या शेंगा पुढे आल्या. साहेबांनी शेंग चावली, ठसका लागला, तरी हसून गिळली. माणूस वाईट नव्हता. रांबूला ते अधिकच अवघड वाटलं.

जमिनीचा शब्द थोरल्या दिराचा, उंबू विंदीचा. त्याने उताराचं कौतुक ऐकून घेतलं. गाव सोडून गेलेली पोरं कामाला परत येतील, हेही ऐकलं. त्याची नजर रेमीवर गेली, मग घोड्यावर. तो विरघळत चालला होता. रांबूला कळत होतं, कारण रेमी घरी राहील या विचाराने तीही आतून हलली होती.

पण शेजारच्या गावचा किनाराही असाच हसतखेळत गेला होता. आता तिथे तार आहे. ओहोटीला शेवाळ वेचायला जाणाऱ्या बायका रखवालदाराला हात जोडून आत जातात, आणि घोडे पाण्यावर न्यायचे तर डोंगराला वळसा पडतो.

घोडा ठेवून घ्यायचा आणि बदल्यात काही द्यायचं नाही, म्हणजे सौदा झाला. घोडा परत पाठवायचा, म्हणजे पाहुण्याला दारातून हाकलला. पराई वाटूने दोन्हींतलं काहीच कधी केलं नव्हतं.

रांबू घरात गेली. आढ्याला टांगलेली टोपली तिने खाली घेतली. ती बाहेर आली तेव्हा बायकांचं हसणं थांबलं. त्या टोपलीत काय आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मोठी आई, ते नको," रेमी हळूच म्हणाला. "दुसरं दे एखादं."

"का? घोडा काय साधा आणलाय?"

तिने कापड उलगडलं. निळीत कितीदा तरी बुडवलेली काळसर जमीन, मुळांच्या सालीचा गडद तांबडा रंग, मधे समोरासमोर उभे घोडे आणि कडेला कोंबडे. तरुणपणी सुरू करून केस पिकल्यावर तिने ते संपवलं होतं. ती मेल्यावर तिला याच कापडात गुंडाळायचं होतं.

तिने ते साहेबांच्या खांद्यावर घातलं, चुण्या सारख्या केल्या आणि विचारलं, "मुलगा आहे का तुम्हाला?"

"आहे. लहान आहे अजून, शाळेत जातो."

"चालेल. आमच्याकडे घाई नसते."

बायकांना आता हसू आवरेना. उंबू विंदी क्षणभर भावजयीकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, साहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "घोडा आला, कापड गेलं. आजपासून तुम्ही आमचे सोयरे."

साहेब खूश झाले. खांद्यावरच्या कापडासकट त्यांनी फोटो काढून घेतले. मग जमिनीचं काय, असं त्यांनी नम्रपणे विचारलं.

"सोयऱ्याला कुणी जमीन विकतं का?" विंदी म्हणाला. "सोयऱ्याने यावं, जेवावं, उतारावर हवं तेवढं फिरावं. आणि आमच्यात कुणी मेलं, की घोडा घेऊन यावं."

साहेबांनी रेमीकडे पाहिलं. रेमीने मान खाली घातली. विंदीने त्याच्या पाठीत धपका घातला. "मॅनेजर व्हायला निघाला होतास ना? लग्नं जमवायला लागलास की."

साहेब डुकराचं मटण आणि भात पोटभर जेवले. जाताना त्यांनी कापड घडी करून छातीशी धरलं होतं. जीप गेल्यावर गाव पांगलं. रेमी थडग्याच्या दगडावर बसून राहिला. घोडा त्याच्या बाहीला हुंगत होता.

रांबू मागापाशी जाऊन बसली. मागावर साधंच काही होतं. ते तिने सोडवलं आणि मोकळ्या काठ्यांवर नव्याने उभं सूत ताणायला घेतलं.

"ते तुझं होतं, मोठी आई," रेमी म्हणाला.

"होतं. आता दुसरं करायला हवं."

"त्याला किती वर्षं लागतात, तुला माहीत आहे."

"म्हणूनच बोलायला वेळ नाही," ती सूत ओढत म्हणाली. "हे होईपर्यंत मला मरताही यायचं नाही. ऊठ, सोयऱ्यांच्या घोड्याला आपल्या उतारावरून पाण्यावर ने."