माळ्यावरची कचेरी

“माळ्याला कड्या कशाला?” बकुळाबाईंनी खालूनच विचारलं.

“झोपाळ्याला,” बापूसाहेब म्हणाले आणि सुताराला काम चालू ठेवायची खूण केली.

धारच्या त्या घराचा माळा आजवर गोवऱ्यांचा आणि मोडक्या पेटाऱ्यांचा. आता तिथे बापूसाहेबांची वकिलीची कचेरी होणार होती, शेजारी घरच्यांना दुपारी टेकायला खोली. घरचे म्हणजे कोण, हाच प्रश्न होता. घरात नवरा-बायको दोघंच. एकुलत्या कृष्णाचं श्राद्ध घातल्याला तीन वर्षं झाली. पिंड ठेवताना बापूसाहेब मध्येच उठायला लागले होते. बकुळाबाईंनीच मन घट्ट करून सगळं पार पाडून घेतलं. तेव्हापासून दोघं कामापुरतं बोलत, तेही टोचून.

जिना मागच्या गल्लीतून काढला.

“अशिलांनी स्वयंपाकघरावरून कशाला जायचं?” बापूसाहेब म्हणाले.

“आणि वर पलंग चढवलात तो? अशील झोपायला येतात वाटतं?”

“तुला वर यायचं नाही ना? मग चौकशा कशाला.”

जाताना सुताराने भर घातली. “माँसाब, बेफिकर पालना टाँगो. कड़ी हिलेगी नी.”

पाळणा! बकुळाबाईंनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं. वंश बुडू नये म्हणून देवासचे नातेवाईक बापूसाहेबांना स्थळं सुचवतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणजे आपण खाली चूल फुंकायची आणि सवत वर पलंगावर लोळणार. त्यांना नवऱ्याचा मनापासून तिटकारा आला.

“या घरात ती राहील, नाहीतर मी,” भात वाढताना त्यांनी सुनावलं.

“ती कोण?”

“ते तुम्हीच सांगा.”

बापूसाहेब जेवून उठले.

कचेरीच्या पूजेच्या दिवशी वर बांगड्या वाजल्या. बकुळाबाई तरातरा जिना चढल्या आणि त्यांनी दार ढकललं. पाळण्याची दोरी धरून एक तरुण बाई बसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. पाळण्यात तान्हं मूल. इथवर मजल गेली होती तर.

“निघ इथून.”

“ती जाणार नाही,” बापूसाहेब आडवे आले. “काय बोलायचं ते मला बोल.”

दाराआडून एक तरुण पुढे झाला. विधवेशी लग्न केलं म्हणून बकुळाबाईंनी हट्टाने ज्याच्या नावाचा घट फोडायला लावला, जिवंतपणी ज्याचं श्राद्ध करवलं, तो कृष्णा दोन हात लांबच थांबला. “आई,” तो म्हणाला, “पाया पडलो तर चालेल?”