सतरा दिवस

मुलाचा अंगठा लावला की दिगंबरशेटच्या दुकानातलं यंत्र सांगे, ते कुठल्या खेळण्याशी किती दिवस खेळेल. एका पठ्ठ्याचा भोवरा म्हणे त्याच्या लग्नातही खिशात असणार होता!

दिवाळीच्या सुट्टीत तुळसाकाकू आजारातून उठलेल्या नातीला कडेवर घेऊन आल्या. "टिकेल असं द्या, शेट."

भातुकली सतरा दिवस. ठकी सतरा. लगोरी सतरा.

"नात भारीच चंचल तुमची," शेट हसले.

त्यांनी सगळी फळी पालथी घातली. आकडा हलेना. तो खेळण्यांचा नव्हताच, हे उमगताच त्यांनी यंत्र बंद केलं.

"बिघडलंय, काकू. पोरीलाच विचारा."

पोरीनं फुगा मागितला.

"अगं, फुगा कितीसा टिकणार?"

"रोज नवा फुगवा," म्हणत शेटनी पाठमोरं होऊन सतरा फुगे मोजले आणि डोळे पुसून अठरावा टाकला.