पाठकोरे कागद

“तुझी आई आजही येऊन गेली वाटतं,” लेकीच्या मांडीवरच्या कागदांकडे बघत बाबा म्हणाले. नुकतेच झोपेतून उठले होते.

लेकीने कागद उगाच नीट केले. बाबांना दुपारी डोळा लागला की ती पेन्सिलीला टोक काढायची आणि आईच्या तिरप्या अक्षरात त्यांच्या चुका दुरुस्त करायची.

जर्मन कंपन्यांची दरपत्रकं इंग्रजीत करून देणं हा आईबाबांचा आयुष्यभराचा धंदा. बाबा लिहायचे, आई तपासायची. आई गेली आणि बाबांच्या चुका होऊ लागल्या. ‘स्कोंटो’ म्हणजे लवकर पैसे भरणाऱ्याला मिळणारी सूट. बाबा सरसकट ‘रिबेट’, म्हणजे नंतर परत मिळणारी रक्कम, लिहून मोकळे! एका कंपनीने तर काम काढूनच घेतलं. सगळंच काम सुटलं तर बाबा खचतील, हे लेकीला दिसत होतं. म्हणून हे सोंग. जर्मन तिला आईनेच शिकवलं होतं. “ठमे, धांदल नको,” म्हणायची. तिला ठमी म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पण सोंग अंगाशी आलं. तिच्या नवऱ्याची बदली झाली, सामान बांधून झालं, आणि बाबा जागचे हलेनात.

“मी निघालो तर ती बिचारी इथे येऊन कुणाच्या चुका काढणार?” त्यांचं आपलं एकच.

त्यांना एकटं टाकायचं, की खरं सांगून आईला पुन्हा हिरावून घ्यायचं? लेकीला अन्न गोड लागत नव्हतं.

बाबा कागद नेहमी पालथे ठेवत. आजही तिने ते सुलटे केले होते. ‘आउफश्लाग’ म्हणजे खरेदीच्या किमतीवर चढवलेला टक्का. बाबांनी ‘सरचार्ज’ लिहिलं होतं. ते खोडून तिने घाईघाईत ‘मार्जिन’ केलं, तोच बाबांनी कूस बदलली. तेव्हापासून कागद तिच्या मांडीवरून हलले नव्हते.

“बाबा, आई येत नाही,” ती एकदाची बोलली. “ते सगळं मी लिहिते.”

आपण हे काय करून बसलो, असं तिला झालं.

“माहीत आहे की,” बाबा म्हणाले. “पहिल्या चुका खऱ्या होत्या. पुढच्या मी मुद्दाम केल्या. नाहीतर तू रोज आली असतीस होय?”

हसावं की रडावं तिला कळेना. “मग चला ना माझ्याबरोबर! आता कुणासाठी अडून बसलाय?”

“अगं, पानाच्या समोरच्या बाजूचं तुझं. तुझी आई कधी समोर लिहायची का? पान खराब होतं म्हणायची. उलटून बघ.”

तिने मांडीवरचं पान उलटलं. मागे बारीक, तिरपं अक्षर होतं.

‘ठमे, मार्जिन विक्रीच्या किमतीवर धरतात. इथे मार्कअप लिही. आणि यांना घेऊन जा. मी येईन तिकडे.’